शाळेचें पहिलें पाऊल : एका वयोमर्यादेचा इतिहास

मूल अडीच-तीन वर्षांचें झालें कीं घरांत एक प्रश्न डोकावूं लागतो. त्याला शाळेंत केव्हां घालावयाचें? आजीला वाटतें, ओठ पिळले तर दूध निघेल असें हें वय. आणखी दोन वर्षें त्यास खेळूं द्यावें. वडिलांना वाटतें, शेजारचें मूल आंकडे म्हणूं लागलें, आपलेंच मागें पडेल. आईला दोघांचेंहि म्हणणें अर्धें-अर्धें पटतें. हा वाद घरगुती दिसतो खरा. परंतु गेलीं दोनशें वर्षें अनेक देशांतील कारखानदार, धर्मोपदेशक, वैद्य, कायदेमंडळें व शिक्षणतज्ज्ञ हाच वाद घालीत आले आहेत. शालारंभाचें वय कधीं दोन, कधीं पांच, कधीं सात असें मागें-पुढें सरकत राहिलें. तें कां सरकलें व कोणाच्या सोयीनें सरकलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टि बरीच स्वच्छ होते.

आपल्याकडे अक्षरारंभ सामान्यतः पांचव्या वर्षीं करण्याची चाल होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौलकर्म झाल्यावर राजपुत्रानें लिपि व संख्या शिकावी आणि उपनयनानंतर मोठ्या विद्यांकडे वळावें, असा क्रम दिलेला आहे. ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षीं होई. म्हणजे अक्षरओळख आणि खरें अध्ययन यांमध्यें कांहीं वर्षांचें अंतर मुद्दाम ठेवलेलें होतें. पुढें पंतोजींच्या शाळांतहि मुलगा धुळाक्षरें गिरवूं लागे तो चांगला चालता-बोलता झाल्यावर, मुहूर्त पाहून. त्याआधींचें शिक्षण घरांत, अंगणांत व शेतावर होई. आजीच्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, भावंडांचे खेळ व गोठ्यांतील वासरें हीच त्याचीं पुस्तकें. मात्र या काळाचें निव्वळ गुणगान करणें योग्य नव्हे. मुलींना आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला अक्षरांचें दारच बंद होतें; तेथें कोणत्या वयीं प्रवेश करावा हा प्रश्न त्यांच्यापुढें कधीं उभाच राहिला नाहीं.

लहान मुलांसाठीं निराळी शाळा असावी, ही कल्पना प्रबळ झाली ती कारखान्यांच्या युगांत. आई-बाप दोघेहि गिरणीवर जाऊं लागले, आणि दोन-तीन वर्षांचें मूल कोणाच्या ओटींत टाकावें, हें कोडें पडलें. स्कॉटलंडांत न्यू लॅनार्क येथें रॉबर्ट ओवेन हा मोठ्या सूतगिरणीचा चालक होता. दहा वर्षांखालील मुलांना त्यानें गिरणींतून काढून घेतलें, आणि १८१६ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस आपल्या संस्थेचें दार उघडून त्यांत अगदीं चालूं लागलेल्या बालकांसाठींहि वर्ग चालविला. त्या वर्गावर त्यानें जेम्स ब्युकॅनन नांवाचा एक साधा विणकर व मॉली यंग नांवाची सतरा वर्षांची मुलगी यांची नेमणूक केली. मुलांवर हात उगारूं नये, कठोर शब्द बोलूं नये आणि पुस्तकांचा जाच त्यांना होऊं देऊं नये, अशी त्यांना ताकीद होती. गाणें, नाच, हवाशीर पटांगण आणि डोळ्यांसमोर दिसणाऱ्या वस्तूंविषयीं गप्पा, एवढाच तेथील अभ्यासक्रम. विद्वान पंडिताऐवजीं मुलांवर माया करणारा विणकर निवडण्यांत ओवेनची खरी परीक्षा दिसून आली.

ही शाळा पाहण्यास दूरदूरचे लोक आले. परंतु एखादी कल्पना एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातांना तिचा गाभा मागें राहून टरफल तेवढें पुढें जातें, तसेंच येथें घडलें. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांत १८२० साली सॅम्युअल विल्डरस्पिन यानें शिशुशाळा सुरू केली. त्याच्या शाळेंत खेळाचें पटांगण होतें व तोहि मुलांवर प्रेम करणारा होता. पण एका शिक्षकानें शेंकडों मुलें सांभाळावयाचीं, म्हणून त्यानें पायऱ्यापायऱ्यांची उंच बैठक बांधली. तिच्यावर मुलें ओळीनें बसत आणि समोरच्या शिक्षकामागून एका सुरांत म्हणत. विल्डरस्पिननें गांवोगांव हिंडून या पद्धतीचा प्रसार केला. पुढच्या शाळांनीं पटांगण वगळलें व पायऱ्या ठेवल्या. कारण पायऱ्या स्वस्त होत्या. ज्या शाळेचा जन्म मुलाला गिरणींतून सोडविण्यासाठीं झाला, तीच अशा रीतीनें लहानशी गिरणी बनली.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्समध्यें याच सुमारास शिशुशाळांचें मोठें वेड पसरलें. तीन वर्षांचीं पुष्कळ मुलें शाळेंत जाऊं लागलीं आणि चौथ्या वर्षीं वाचणाऱ्या मुलाचें कौतुक घरोघरीं होऊं लागलें. इतक्यांत, १८३२ च्या सुमारास, अमारिया ब्रिगम नांवाच्या वैद्यानें एक ग्रंथ लिहून धोक्याची घंटा वाजविली. कोवळ्या मेंदूवर अकालीं भार घातल्यास शरीर व बुद्धि दोन्ही दुबळीं होतात, वेडहि लागूं शकतें, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याचा शेवटचा निष्कर्ष आजच्या शास्त्रास मान्य होणारा नाहीं. परंतु त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबांवर त्याचा प्रभाव विलक्षण पडला. देणगीदारांनीं हात आखडले, आयांनीं मुलें घरीं ठेवलीं, आणि १८६० पर्यंत तीन वर्षांचें मूल तेथील शाळांतून जवळजवळ नाहींसें झालें. वीस-तीस वर्षांच्या आंत एकाच प्रांतानें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत झोका घेतला. यांत खरी हानि झाली ती मोलमजुरी करणाऱ्या आयांच्या मुलांची. त्यांना घरीं ठेवण्यास घरीं कोणीच नव्हतें.

जर्मनींत याच वेळीं एका वेगळ्या मार्गानें विचार चालला होता. फ्रीडरिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ साली एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला व तो तान्हा असतांनाच त्याची आई वारली. या पोरक्या बालपणाची खूण त्याच्या साऱ्या विचारावर उमटलेली आहे. १८३७ साली ब्लँकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असें नांव दिलें. माळी रोपट्याला ओढून उंच करीत नाहीं. तो माती, पाणी व ऊन यांची तजवीज ठेवतो, हा त्या नांवांतील अर्थ. लोंकरीचे चेंडू, लांकडी घन, गाणीं आणि प्रत्येक मुलास बागेचा एक तुकडा, हीं त्याचीं साधनें. खेळ हेंच या वयाचें मुख्य काम होय, हें तत्त्व त्यानें ठामपणें मांडलें. आश्चर्य असें कीं, अशा निरुपद्रवी बालोद्यानांवर प्रशियाच्या सरकारनें १८५१ साली बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याचें लिखाण सरकारास खुपत होतें व काका-पुतण्यांत त्यानें घोटाळा केला. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली.

इंग्लंडांत शालारंभाचें वय ठरलें तें १८७० च्या शिक्षणाच्या कायद्यानें. शाळामंडळांना सक्तीचें शिक्षण पांचव्या वर्षापासून लागू करण्याची मुभा त्यानें दिली. इतर अनेक देशांनीं सहा किंवा सात हें वय धरलें असतांना इंग्लंडनें पांच कां धरलें? मुलाच्या मनाचा कोणताहि शास्त्रीय अभ्यास त्यामागें नव्हता. मूल लौकर शाळेंत आलें तर रस्त्यावरील हालअपेष्टांपासून वांचेल, आणि लौकर शिकून बाहेर पडलें तर मजुरीस मिळेल, असा दुहेरी हिशेब त्यांत होता. एकदां घातलेला तो आंकडा मात्र दीडशें वर्षें टिकला. आणि वहिवाटीनें पवित्र झालेल्या इतर गोष्टींप्रमाणें त्यालाहि पुढें निसर्गनियमाचें रूप आलें.

पांच ही सक्तीची मर्यादा असली तरी शाळेचें दार त्याहून लहानांनाहि उघडें होतें. १९०० साली इंग्लंड व वेल्समध्यें तीन ते पांच वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४३ मुलें सार्वजनिक प्राथमिक शाळांत होतीं. तेथें त्यांचें काय चालतें, हें पाहण्याचें काम सरकारनें पांच स्त्री-निरीक्षकांवर सोंपविलें, आणि १९०५ साली त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. कोंदट खोल्या, हाताची घडी घालून तासन्‌तास बसविलेलीं बालकें, हुकुमासरशीं उठणें-बसणें, सुईंत दोरा ओंवण्याचे पाठ, आणि एका बाईच्या हाताखालीं साठ-साठ मुलांचा तांडा, असें चित्र त्यांतून पुढें आलें. त्यांच्यापैकीं कॅथरिन बाथर्स्ट या बाईंनीं तर अशा मुलांना विदुषी शिक्षिका नको, मातृहृदयाची परिचारिका हवी, अशा आशयाचें मत स्पष्ट मांडलें. बुद्धीच्या दृष्टीनेंहि या लौकर सुरुवातीचा लाभ त्यांना आढळला नाहीं; पांचव्या वर्षीं येणारें मूल थोड्याच अवधींत तिसऱ्या वर्षीं आलेल्या मुलास गांठीत असे.

या अहवालांचा परिणाम तात्काळ झाला. पांच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारण्याची मोकळीक स्थानिक मंडळांना मिळाली. शेंकडा ४३ हें प्रमाण घसरत घसरत १९३० पर्यंत शेंकडा १३ च्या आसपास आलें. परंतु निरीक्षकांनीं मागितलें होतें एक आणि सरकारनें दिलें दुसरेंच. तीन वर्षांच्या मुलास प्राथमिक शाळेंतून काढावें व त्याच्यासाठीं योग्य अशी बालशाळा काढावी, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांतील पहिलें काम बिनखर्चाचें असल्यामुळें झटपट झालें. दुसऱ्यास पैसा लागत होता, म्हणून तें रेंगाळलें. वाईट शाळेंतून सुटलेलीं गरिबांचीं मुलें गल्लींत व गटाराच्या कांठीं जाऊन बसलीं.

या मुलांना हात दिला तो मार्गरेट व रेचेल मॅकमिलन या भगिनींनीं. लंडनच्या डेटफर्ड भागांतील दाट वस्तींत त्यांनीं १९१४ साली उघड्या हवेंतील बालशाळा स्थापन केली. मुडदूस झालेलीं, खरजेनें पीडलेलीं, अर्धपोटीं मुलें तेथें सकाळीं येत. त्यांना आंघोळ, पौष्टिक अन्न, दुपारची झोंप, बाग आणि खेळ मिळे. दोन वर्षांचें मूल येथेंहि घरापासून दूरच होतें. वयाचा आंकडा निरीक्षकांना दिसलेल्या मुलांहून लहानच होता. तरी एका ठिकाणीं तेंच वय कोमेजलें आणि दुसऱ्या ठिकाणीं टवटवीत झालें. सबंध इतिहासांतून एकच धडा घ्यावयाचा ठरविला, तर तो या दोन चित्रांतून घ्यावा.

रोममध्यें सान लोरेन्झो या दरिद्री वस्तींत १९०७ साली डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं पहिलें बालगृह उघडलें, त्याची कथा महाराष्ट्रांत परिचित आहे. तीन ते सहा या वयांत मूल इंद्रियांनीं शिकतें, त्याच्या हातास योग्य साधन दिलें तर तें स्वतः एकाग्र होतें, आणि शिकविण्याची घाई करणारा वडीलधारा हाच त्याच्या मार्गांतील मोठा अडथळा असतो, असें त्यांचें सांगणें होतें. १९३९ साली त्या अड्यार येथें आल्या. महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम लांबला, आणि भारतांतील शेंकडों शिक्षकांना त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकावयास मिळालें.

मात्र आपल्याकडील कार्य त्यांच्या आगमनाआधींच सुरू झालें होतें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० साली बालमंदिर काढलें, आणि मुंबईच्या ताराबाई मोडक तेथें त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंचें मन शहरी बालमंदिरावर तृप्त झालें नाहीं. १९४५ साली त्यांनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलें व तेथें अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां त्यांनीं बालवाडीच उचलून अंगणांत नेली आणि अंगणवाडीची कल्पना साकार झाली. माँटेसोरीचीं महाग साधनें परवडत ना, म्हणून खडे, बिया, शंख-शिंपले व पानें हीं साधनें झालीं. पुढें १९५७ साली हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वयाच्या प्रश्नानें एक निराळेंच रूप धारण केलें. आठ वर्षांची मुलगी शाळेंत येईना, कारण कडेवर दीड वर्षांचें भावंड होतें. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच आवारांत असावेत, असा तोडगा निघाला. धाकट्याची सोय झाल्यावांचून थोरल्याचें शिक्षण होत नाहीं, हें सत्य पुस्तकांत सहसा न आढळणारें आहे. तें पाड्यावर गेल्यावांचून दिसलें नसतें.

स्वातंत्र्यानंतर १९७५ सालच्या २ ऑक्टोबर रोजीं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशीं सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोंचला. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. सहा वर्षांखालील मुलांची काळजी व शिक्षण हें राज्यानें प्रयत्न करण्याचें कर्तव्य म्हणून राहिलें. दरम्यान शहरांत उलटें टोंक गांठलें गेलें. अडीच वर्षांच्या मुलाच्या मुलाखती होऊं लागल्या व तिसऱ्या वर्षीं त्याच्या दप्तरांत वह्या आल्या. १९९३ साली यशपाल समितीनें बालवर्गाच्या प्रवेशपरीक्षा व मुलाखती बंद कराव्या, अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हा एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीचें वय सहा धरलें.

आतां गेल्या साठ वर्षांतील शास्त्रीय प्रयोगांकडे वळूं. अमेरिकेंत मिशिगनमधील इप्सिलांटी येथें १९६२ साली १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकीं ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयापासून रोज सकाळीं अडीच तास उत्तम बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्यास घरीं जाऊन आईशीं बोलत. बाकीच्यांना तें मिळालें नाहीं. बुद्धिमापनांतील आरंभींचा फायदा कांहीं वर्षांत विरला. परंतु चाळिसाव्या वर्षापर्यंत माग काढल्यावर बालवाडीच्या मुलांचें शिक्षण व मिळकत अधिक आणि अटकेचें प्रमाण कमी असल्याचें दिसलें. इंग्लंडांत १९९७ पासून सुमारें तीन हजार मुलांचा अभ्यास झाला. दोन ते तीन या वयांत चांगल्या बालशाळेंत गेलेल्यांना बौद्धिक विकासांत लाभ झाला. पूर्ण दिवस बसणाऱ्यास अर्ध्या दिवसाच्या मुलापेक्षां अधिक कांहीं मिळालें नाहीं. आणि दोन वर्षांच्या आंत मोठ्या गटांत ठेवलेल्या मुलांत पुढें चिडखोरपणा किंचित् अधिक आढळला.

याच्या उलट बाजूचाहि पुरावा आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें १९९७ साली दिवसाला पांच डॉलरांत बालसंगोपनाची सोय केली. आयांना नोकऱ्या करतां आल्या, परंतु घाईनें वाढविलेल्या त्या व्यवस्थेंतील मुलांत चिंता व आक्रमकता वाढल्याचें अर्थशास्त्रज्ञांस आढळलें. अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत जागांपेक्षां अर्ज अधिक आले, म्हणून चिठ्ठ्या टाकून चार वर्षांच्या मुलांना प्रवेश देण्यांत आला. वर्षाअखेरीस तीं मुलें पुढें होतीं. सहावींत पोंचेपर्यंत मात्र प्रवेश न मिळालेलीं मुलें गुणांत व वर्तनांत त्यांच्यापुढें गेलीं, असें २०२२ साली प्रसिद्ध झालें. डेन्मार्कमध्यें, औपचारिक शाळा एक वर्ष उशिरां सुरू करणाऱ्या मुलांत सातव्या वर्षीं चंचलता व अवधानाचा अभाव बराच कमी दिसला. पण तेथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, तें थांबलेलें वर्ष तीं मुलें रिकामीं बसलीं नव्हतीं. खेळावर आधारलेल्या चांगल्या बालशाळांत होतीं. फिनलंडांतहि शाळा सातव्या वर्षीं सुरू होते, पण त्याआधीं बालशाळा असतेच.

वरवर पाहतां हे निष्कर्ष एकमेकांस खोडणारे वाटतात. वस्तुतः त्यांत एक सुसंगति आहे. समूहांत खेळणें, गोष्टी ऐकणें, स्वतःच्या हातांनीं वस्तु हाताळणें व मायेच्या माणसाशीं भरपूर बोलणें हें तिसऱ्या वर्षापासून, दिवसांतून थोडा वेळ, बहुतेक मुलांना हितकर ठरतें. ज्या घरीं या गोष्टींची उणीव असते, तेथील मुलांना तर तें विशेष हितकर ठरतें. एका जागीं बसविणें, लेखन, पाठांतर व परीक्षा यांची सुरुवात मात्र जितकी लौकर, तितका लाभ कमी व त्रास अधिक. इच्छेला आवर घालणें, लक्ष टिकविणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, या शक्ति तिसऱ्या ते सातव्या वर्षांत हळूहळू उगवतात. त्या उगवण्यापूर्वीं त्यांची मागणी केली, तर मूल हट्टी किंवा मठ्ठ ठरतें, आणि तो शिक्का पुष्कळदां त्याच्या कपाळीं कायमचा बसतो.

तेव्हां वय विचारण्यापूर्वीं पालकांनीं शाळेस कांहीं प्रश्न विचारावे. एका बाईकडे मुलें किती? बाई वरचेवर बदलतात काय? पटांगण आहे काय, आणि असल्यास मुलांना त्यावर रोज सोडतात काय? मूल रडलें तर त्याला जवळ कोण घेतें? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असल्यास तीन वर्षांचें मूल खुशाल शाळेंत जावें. नसल्यास आणि घरीं वेळ देणारें माणूस असल्यास त्यानें आणखी वर्षभर अंगणांत खेळावें. त्यांत त्याचें कांहींएक बुडत नाहीं. मात्र ज्या आईला पहांटेच कामावर जावें लागतें, तिच्यापुढें अशी निवड नसते. तिच्या मुलासाठीं चांगली बालवाडी जवळ असणें, ही समाजाची जबाबदारी होय. १९०५ साली इंग्लंडनें त्या जबाबदारीपैकीं बिनखर्चाचा भाग तेवढा पार पाडला आणि खर्चाचा भाग पुढें ढकलला. त्याची किंमत डेटफर्डच्या गल्ल्यांतील मुलांनीं भरली.